दहा हजारांतील एक पेशी

(द्वारका, नवी दिल्ली येथे मराठी वाचकांसमोर अनुवादकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास कसा केला जातो हे सामान्य वाचकाला समजावून सांगणारे पुस्तक मराठीत आणताना जे प्रश्न उभे राहिले, त्यांपैकी एका प्रश्नाविषयी बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला आभारी आहे. वैद्यकशास्त्र हा माझ्या शिक्षणाचा विषय नव्हे; माझे शिक्षण मराठी भाषेचे आणि साहित्याचे. तेव्हा रोगाविषयी किंवा उपचाराविषयी अधिकारवाणीने मी काही सांगणार नाही. परंतु एखादी गोष्ट आपल्या भाषेत आणायची तर ती आधी नीट समजून घ्यावी लागते, आणि ती समजून घेताना जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवण्यास हरकत नसावी.

पुस्तकातील ज्या प्रकरणाने सर्वांत अधिक वेळ घेतला, त्याचा विषय आहे फ्लो सायटोमेट्री. नावाची फोड सोपी आहे. 'सायटो' म्हणजे पेशी, 'मेट्री' म्हणजे मापन आणि 'फ्लो' म्हणजे प्रवाह. 'प्रवाही पेशीमापन' म्हटले तर मापनच प्रवाही असल्याचा भास होतो. 'पेशीप्रवाहमापन' म्हटले तर प्रवाहाचा वेग मोजला जात असावा असे वाटते. म्हणून मी 'प्रवाहातील पेशीमापन' असा लांबट पण निःसंदिग्ध शब्दप्रयोग स्वीकारला. खरी अडचण मात्र पुढे होती. यंत्राने मोजलेल्या लक्षावधी पेशींमधून आपल्याला हव्या त्या पेशी वेगळ्या काढण्याच्या क्रियेला इंग्रजीत 'गेटिंग' म्हणतात. गेट म्हणजे दार, फाटक, द्वार. ज्या उपनगराच्या नावातच द्वार आहे तेथे या शब्दावर चर्चा व्हावी हा योग चांगलाच म्हणायचा. पण प्रत्यक्षात ही क्रिया दार उघडण्याची नसते. संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांचा जो पुंजका दिसतो त्याभोवती रेषा ओढून 'या आतले ते आपले, बाहेरचे ते परके' असे ठरवण्याची ती क्रिया आहे. त्यास मराठीत मी 'कुंपण घालणे' असे म्हटले. हा शब्द मला योग्य का वाटला, हे सांगणे हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. यंत्र मोजते खरे, पण मोजणीत कोणाला धरायचे हे कुंपणावरून ठरते. आणि ते कुंपण कोठे व का घातले हे उघडपणे सांगितले नसेल, तर हाती आलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

हे केवळ शास्त्रज्ञांच्या आपसातील वादाचे प्रकरण नाही. लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा एक तीव्र कर्करोग. त्याला अक्यूट लिंफोब्लास्टिक ल्यूकेमिया म्हणतात. हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात. तेथे श्वेतपेशींच्या एका अपक्व पिढीची वाढ थांबत नाही, ती पक्वही होत नाही आणि हळूहळू निरोगी पेशींची जागा बळकावते. रोगनिदान होते त्या वेळी मुलाच्या शरीरात अशा सुमारे एक लाख कोटी पेशी असू शकतात, असा अंदाज केला जातो. उपचार सुरू झाल्यावर साधारण एका महिन्याने अस्थिमज्जेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात अशा अपक्व पेशी शंभरांत पाचांपेक्षा कमी दिसल्या तर रोग माघारला असे म्हणण्याचा जुना प्रघात आहे. परंतु सूक्ष्मदर्शकाला रोग दिसेनासा झाला, तरी शरीरात हजार कोटी रोगपेशी उरलेल्या असणे शक्य आहे. एका मुलात त्या हजार कोटी असतील, दुसऱ्यात काही लाखच असतील; डोळ्याला दोन्ही नमुने सारखेच दिसतील. पहिल्या मुलाला अधिक कठोर उपचार हवेत, दुसऱ्याला कदाचित सौम्य उपचार पुरतील. हा भेद करण्यासाठी दहा हजार पेशींमध्ये एक रोगपेशी असली तरी ती ओळखता यावी लागते. आज जगभर बऱ्याच उपचारपद्धतींत हीच सीमारेषा, म्हणजे ०.०१ टक्का, निर्णायक मानली जाते.

दहा हजारांतील एक शोधणार कशी? येथून जवळच्या सेक्टर २१ च्या मेट्रो स्थानकाचे उदाहरण घेऊ. सकाळच्या गर्दीत हजारो प्रवासी फलाटाकडे धावत असतात. वरून पाहिले तर तो नुसता लोंढा दिसतो. पण फाटकापाशी त्यांना एकेकटे व्हावेच लागते. एक माणूस, एक तिकीट, एक नोंद. प्रवाहातील पेशीमापनाच्या यंत्रात हेच घडते. पेशी द्रवात मिसळून एका बारीक नळीतून सोडतात आणि भोवतालच्या दुसऱ्या द्रवाच्या वेगवान प्रवाहाने त्यांना एकेरी रांगेत आणतात. रांगेतील प्रत्येक पेशी लेसरच्या किरणासमोरून क्षणार्धात जाते. तिच्यावर पडून समोरच्या दिशेला विखुरलेल्या प्रकाशावरून तिच्या आकारमानाचा अंदाज येतो. बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून तिच्या आत किती कण आहेत, तिची रचना किती गुंतागुंतीची आहे, हे कळते. सेकंदाला हजारो पेशींची अशी तपासणी होते.

नुसत्या आकारावरून पेशीची जात कळत नाही. त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट रेणूंची ओळख पटवावी लागते. एकाच रेणूला नेमका चिकटणारा प्रतिपिंड हव्या त्या प्रमाणात तयार करण्याची रीत केंब्रिज येथे जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधून काढली. त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा प्रतिपिंडाला एखादे चमकते रंजकद्रव्य जोडले की तो ज्या पेशीला चिकटेल ती पेशी लेसरसमोर ठरावीक रंगाने चमकते. पृष्ठभागावरील या रेणूंना सर्वत्र एकच नाव असावे म्हणून १९८२ मध्ये पॅरिस येथील परिषदेपासून 'सीडी' हे अक्षर आणि त्यापुढे क्रमांक अशी नावे रूढ झाली. सीडी १९ ही बी जातीच्या पेशींची खूण, सीडी ३४ ही अपक्वतेची खूण, सीडी ४५ ही सर्वसाधारण श्वेतपेशींची खूण, अशी ही परिभाषा आहे. यंत्राचा इतिहास याहून जुना आहे. नळीतून जाणाऱ्या पेशी प्रकाशाच्या साहाय्याने मोजण्याची कल्पना मोल्दावान यांनी १९३४ मध्ये मांडली होती. फुलवायलर यांनी पेशी वेगळ्या करणारे यंत्र १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. आणि स्टॅनफर्ड येथे लेनर्ड हर्झनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी चमकत्या पेशी ओळखून त्या वेगळ्या काढणारे यंत्र सिद्ध केले.

आता यंत्रातून बाहेर काय येते ते पाहू. बाहेर येते ती एक अवाढव्य सारणी. प्रत्येक पेशीसाठी एक ओळ आणि प्रत्येक मापनासाठी एक रकाना. प्रकाशाच्या विखुरण्याची दोन मापे आणि दहा रंगांची दहा मापे धरली, तर बारा रकाने झाले. दहा लाख पेशी तपासल्या तर एका मुलाच्या एका नमुन्यातून एक कोटी वीस लाख आकडे निर्माण होतात. माणसाला एका वेळी दोन मापांचा आलेख सहज वाचता येतो. बारा मापांतून दोन-दोनांच्या जोड्या लावल्या तर सहासष्ट आलेख होतात. ते सर्व पाहिले तरीही तीन मापांच्या एकत्रित मेळातून दिसणारी गोष्ट नजरेतून सुटू शकते. पृथक्करणाच्या पद्धतींची गरज येथूनच सुरू होते.

पहिले काम निवडण्या-पाखडण्याचे. धान्य मोजण्यापूर्वी त्यातील खडे, तूस आणि किडके दाणे काढावे लागतात, तसेच येथेही करावे लागते. पेशींचे तुकडे आकाराने लहान म्हणून वगळायचे. मेलेल्या पेशी प्रतिपिंडांना भलतीकडेच चिकटवून घेतात व खोटी चमक दाखवतात, म्हणून त्याही वगळायच्या. नळीत मध्येच अडथळा येऊन प्रवाह बिघडला असेल तर तेवढ्या वेळातील नोंदी बाजूला काढायच्या. आणि मेट्रोच्या फाटकातून एका तिकिटावर दोघे चिकटून निघून जावेत, तशा दोन पेशी एकमेकींना चिकटून लेसरसमोरून गेल्या, तर यंत्र त्यांना एकच पेशी समजते. एकीवर एक खूण आणि दुसरीवर दुसरी खूण असेल तर कोठेही अस्तित्वात नसलेली, दोन्ही खुणा अंगावर बाळगणारी पेशी कागदावर जन्म घेते. दुर्मिळ पेशीच्या शोधात निघालेल्याला अशी भुताटकीची पेशी सहज चकवू शकते. तिला लेसरसमोरून जाण्यास लागलेल्या वेळावरून आणि प्रकाशाच्या स्पंदाच्या उंचीरुंदीवरून ओळखावे लागते.

दुसरे काम रंगांच्या सरमिसळीचे. चमकत्या रंजकाचा प्रकाश एकाच रंगात बंदिस्त नसतो. तो शेजारच्या रंगात पाझरतो. हिरव्या रंजकाचा काही प्रकाश पिवळ्या-नारिंगी रंगासाठी ठेवलेल्या ग्राहकावर पडतो आणि तेथे रंजक नसतानाही ते असल्याचा भास होतो. शेजाऱ्याच्या घरातील दिव्याचा उजेड आपल्या भिंतीवर पडावा तसा हा प्रकार आहे. तो किती पडतो हे एकेकटे रंजक लावलेल्या नमुन्यांवरून मोजून प्रत्येक रंगाच्या आकड्यातून वजा करतात. ही वजावट कमी झाली तर खोट्या पेशी उगवतात. जास्त झाली तर खऱ्या पेशी नाहीशा होतात. वजावट करूनही थोडी धूसरता उरतेच. म्हणून एखाद्या खुणेची सीमा कोठे घालायची हे ठरवण्यासाठी तेवढे एक रंजक वगळून बाकीची सर्व घातलेला नमुना तयार करतात. त्या नमुन्यात जेथपर्यंत चमक दिसते तेथपर्यंतची चमक ही शेजाऱ्याच्या दिव्याची, हे त्यामुळे निश्चित होते.

एवढे झाल्यावर मुख्य कामाला, म्हणजे कुंपण घालण्याला, प्रारंभ होतो. प्रथम सर्व जिवंत, सुट्या पेशींभोवती एक कुंपण. त्याच्या आत सीडी १९ असलेल्या बी पेशींभोवती दुसरे. त्याच्या आत अपक्व पेशींभोवती तिसरे. अशी कुंपणात कुंपणे घालत विश्लेषक शेवटी त्या मूठभर ठिपक्यांपाशी येतो, ज्यांच्यावरून मुलाचे पुढील उपचार ठरायचे असतात. आणि नेमके येथेच निसर्ग त्याची परीक्षा घेतो. उपचारांनी मोकळी झालेली अस्थिमज्जा पुन्हा भरू लागली की निरोगी बी पेशींची नवी, अपक्व पिढी वाढू लागते. त्यांना हेमॅटोगोन म्हणतात. त्यांच्यावरही सीडी १९, सीडी १० आणि सीडी ३४ याच खुणा असतात. रोगाच्या उरलेल्या पेशी आणि प्रकृतीच्या पुनरागमनाच्या पेशी एकाच वेषात समोर उभ्या राहतात. कुंपण किंचित सैल पडले तर बरे होणारे मूल आजारी ठरते. किंचित आवळले तर आजारी मूल बरे ठरते. कुंपणाने शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, असे आपल्याकडे म्हणतात. या ठिकाणी ती म्हण अक्षरशः खरी ठरण्याचा धोका असतो.

हा धोका टाळण्याच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे निदानाच्या वेळीच त्या मुलाच्या रोगपेशींवर कोणत्या वावग्या खुणा आहेत त्याची नोंद करून ठेवायची आणि पुढे नेमक्या त्याच शोधायच्या. तीत उणीव अशी की उपचारांनंतर काही खुणा फिकट होतात किंवा बदलतात. दुसरी रीत निरोगी पेशींच्या वाढीचा मार्ग पक्का जाणून घेण्याची आहे. निरोगी बी पेशी पक्व होताना त्यांच्या खुणा ठरावीक क्रमाने बदलतात आणि आलेखावर त्यांची एक ओळखीची पायवाट उमटते. त्या वाटेवर नसलेला, एकमेकींना धरून असलेला पेशींचा पुंजका दिसला तर तो संशयास्पद. उदाहरणार्थ, हेमॅटोगोनांवर सीडी ३८ ठळक असते, तर रोगपेशींवर ते पुष्कळदा मंद असते. सीडी ५८ च्या बाबतीत बहुधा याउलट घडते. जाणकार प्रयोगशाळा दोन्ही रीती एकत्र वापरतात.

या कामात आपल्या मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये परळ येथे सुरू झाले. त्याच्याच परिवारातील ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र नवी मुंबईतील खारघर येथे आहे. तेथील रक्तविकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डॉ. प्रशांत टेंभरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगपेशींना हेमॅटोगोनांपासून वेगळे करणाऱ्या नव्या खुणांचा पद्धतशीर अभ्यास केला. सीडी ७३ व सीडी ८६ या खुणांविषयीचे त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आणि सीडी ३०४ विषयीचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी २००८ मध्ये देशभरातील तज्ज्ञांनी मुंबईत एकत्र बसून रक्ताच्या कर्करोगांच्या या तपासणीसाठी मार्गदर्शक सूत्रे ठरवली. त्या कार्यात डॉ. सुमीत गुजराल प्रभृतींनी पुढाकार घेतला होता. एका प्रयोगशाळेचे कुंपण दुसरीला समजावे, हा त्यामागील हेतू. पुढे २०१६ मध्ये मुलांच्या या रोगावर एक बहुकेंद्री भारतीय उपचारचाचणी सुरू झाली. तीत मुंबई, कोलकाता, चंदीगड, चेन्नई आणि आपली दिल्ली येथील रुग्णालये सहभागी झाली, आणि पहिल्या टप्प्याच्या अखेरीस उरलेल्या रोगाचे प्रवाहातील पेशीमापन हा उपचारांची तीव्रता ठरवण्याचा एक आधार मानला गेला. पाच शहरांतील मुलांना एकाच मापाने मोजायचे तर पाच ठिकाणची कुंपणे जुळली पाहिजेत, हे ओघानेच आले.

आता थोडे गणित. गणिताचे नाव काढताच कपाळाला आठ्या पडतात याची मला कल्पना आहे, परंतु हे गणित घरच्या हिशेबाइतके सोपे आहे. समजा, मुलाच्या अस्थिमज्जेत खरोखरच दहा हजारांत एक या प्रमाणात रोगपेशी आहेत आणि आपण दहा हजारच पेशी तपासल्या. एक पेशी दिसेल असे वाटते. पण योगायोगाचे नियम सांगतात की अशा शंभर तपासण्यांपैकी सुमारे सदतीस वेळा एकही रोगपेशी दिसणार नाही. तीस हजार पेशी तपासल्या तर न दिसण्याची शक्यता सुमारे पाच टक्क्यांवर येते. शिवाय एकट्यादुकट्या ठिपक्यावरून कोणी निदान करीत नाही. पुंजका ओळखू यावा यासाठी निदान वीस-तीस ठिपके हवेत असे मानतात. म्हणजे दोन-तीन लाख पेशी तपासल्या पाहिजेत. आणि नुसते 'आहे' एवढेच न सांगता 'किती' हे भरवशाने सांगायचे तर पन्नास पेशी, म्हणजे पाच लाखांची तपासणी, लागते. पन्नास पेशी मोजल्या तर मोजणीतील स्वाभाविक चढउतार सुमारे सातांचा असतो. चारच मोजल्या तर तो दोनांचा, म्हणजे निम्म्याचा, असतो. यंत्र कितीही महाग असले तरी या नियमातून त्याची सुटका नाही. नमुना घेतानाही हेच भान ठेवावे लागते. सुईने ओढलेली पहिली मज्जा या तपासणीसाठी राखून ठेवावी लागते, कारण नंतरच्या ओढीत रक्त मिसळून ती पातळ होते आणि रोगाचे प्रमाण खोटेच कमी दिसते.

कुंपण माणसाच्या हाताने घालण्याऐवजी संगणकाकडूनच का घालून घेऊ नये, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो शास्त्रज्ञांच्याही मनात आला. त्याच्या मुळाशी गेले तर एक भारतीय नाव भेटते, याचा मला विशेष आनंद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये अंतराची एक नवी कल्पना मांडली. माणसांच्या शरीरमापांवरून समूहांची तुलना करताना त्यांना असे दिसले की प्रत्येक माप वेगवेगळे पाहून चालत नाही. मापांचे परस्परसंबंधही पाहावे लागतात. सहा फूट उंचीचा आणि ऐंशी किलो वजनाचा गृहस्थ आपल्याला विचित्र वाटत नाही. पाच फूट उंचीची माणसे पुष्कळ असतात, ऐंशी किलो वजनाची माणसेही पुष्कळ असतात. पण पाच फूट उंचीला ऐंशी किलो वजन असले की नजर थबकते. उंची आणि वजन ही दोन्ही मापे एकेकटी सामान्य, त्यांचा मेळ मात्र असामान्य. महालनोबिस अंतर या मेळाचा हिशेब ठेवते. रोगपेशी ओळखण्याचे मर्मही पुष्कळदा यातच असते: प्रत्येक खूण वेगळी पाहिली तर साधी, पण त्यांचा एकत्रित मेळ निरोगी पेशीत कधी न आढळणारा. म्हणूनच ही कल्पना पेशींच्या वर्गीकरणातही उपयोगी पडली.

गेल्या दीड-दोन दशकांत या दिशेने अनेक पद्धती निघाल्या. २०११ मधील स्पेड ही पद्धत सारख्या पेशींचे गट करून ते झाडाच्या फांद्यांसारखे मांडते. २०१३ मधील व्हिस्ने ही पद्धत अनेक मापांचा विस्तार एका सपाट नकाशावर अशा तऱ्हेने उतरवते की ज्या पेशी मुळात शेजारी आहेत त्या नकाशावरही शेजारी राहाव्यात. २०१५ मध्ये पुढे आलेली फ्लोसोम ही पद्धत पेशींना एका जाळीच्या घरांत बसवते आणि मग सारखी घरे एकत्र करते. तिचा वेग मोठा असल्याने ती पुष्कळ ठिकाणी वापरात आली. त्याच वर्षीची फेनोग्राफ ही पद्धत पेशींच्या शेजारसंबंधांचे जाळे विणून त्यातील वस्त्या शोधते. या पद्धतींना डोळ्यांचा थकवा नाही, आणि त्या सहासष्टही आलेख एकदम विचारात घेतात. माणसाने ज्याची अपेक्षाच केली नव्हती अशी एखादी पेशींची जात त्या दाखवून देतात, हा त्यांचा मोठा गुण.

परंतु त्यांच्याही मर्यादा जाणून घेतल्या पाहिजेत. गट किती करायचे हे पुष्कळदा माणसालाच सांगावे लागते किंवा त्याने निवडलेल्या एखाद्या आकड्यावर ते अवलंबून असते. म्हणजे कुंपण हटले नाही, ते फक्त दिसेनासे झाले. सपाट नकाशावर दूरच्या दोन पुंजक्यांमधील अंतराला फारसा अर्थ नसतो. पाहणाऱ्याला मात्र तो असल्याचे वाटते. काही पद्धतींचा आरंभ यदृच्छेने निवडलेल्या आकड्यांपासून होत असल्याने तोच नमुना दोनदा चालवला तर चित्र थोडे बदलते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम हलके करण्यासाठी दहा लाखांतून काही हजार पेशी निवडून घेतल्या, तर दहा हजारांतील एक पेशी त्या निवडीतच गळून जाते. २०१३ मध्ये अनेक संगणकीय पद्धतींची समान नमुन्यांवर तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेका पद्धतीपेक्षा अनेक पद्धतींचा एकत्रित कौल अधिक भरवशाचा ठरतो, असे त्यात दिसून आले. गटाला नाव देण्याचे काम तर आजही जाणकाराकडेच आहे. संगणक सांगतो की हा पुंजका वेगळा आहे. तो रोगाचा आहे की पुनरागमनाचा, हे अस्थिमज्जेचा स्वभाव जाणणाराच सांगतो.

शेवटी मी पुन्हा शब्दांकडे येतो, कारण अनुवादकाचे उत्तरदायित्व तेथे आहे. उपचारांनंतर उरलेल्या रोगाला इंग्रजीत ज्या तीन अक्षरांनी ओळखतात त्या 'एमआरडी'तील पहिल्या अक्षराचा अर्थ अलीकडच्या वर्षांत बदलला. पूर्वी त्याचा अर्थ 'किमान' असा होता. आता 'मोजता येण्याजोगा' असा करतात. अक्षर तेच राहिले, पण शास्त्राने आपली नम्रता त्यात नोंदवली. 'किमान उरलेला रोग' या शब्दांत असे सूचित होते की याहून कमी रोग नसतोच. 'मोजता येण्याजोगा उरलेला रोग' या शब्दांत मापनाची मर्यादा मान्य केलेली आहे. याच न्यायाने अहवालातील 'निगेटिव्ह' या शब्दाचे 'रोग नाही' असे मराठी भाषांतर करणे चुकीचे होय. योग्य भाषांतर 'या मर्यादेत रोग आढळला नाही' असे आहे. 'नाही' आणि 'आढळला नाही' यांत एकाच शब्दाचे अंतर आहे. पण पहिला शब्द ऐकून उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतणारे कुटुंब आणि दुसरा ऐकून औषधांचा क्रम पुरा करणारे कुटुंब, यांच्यात एका मुलाच्या आयुष्याचे अंतर पडू शकते.

ही गोष्ट येथे, दिल्लीत, सांगण्याला आणखी एक कारण आहे. द्वारकेच्या पश्चिमेला हरियाणातील झज्जर जिल्ह्यात बाढसा येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. उत्तरेतील गावोगावचे रुग्ण उपचारांसाठी या राजधानीच्या परिसरात येतात. त्यांत मराठी कुटुंबेही असतात, आणि इंग्रजीतला अहवाल हातात पडला की तो समजावून द्यायला ती आपल्यापैकीच कोणाकडे तरी येतात. निदान करणे किंवा सल्ला देणे हे आपले काम नव्हे, ते डॉक्टरांचे. परंतु डॉक्टरांना काय विचारावे हे त्या कुटुंबाला सांगणे आपल्याला शक्य आहे. एकंदर किती पेशी मोजल्या? किती प्रमाणापर्यंतचा रोग या तपासणीत दिसू शकला असता? नमुना पहिल्या ओढीचा होता काय? निदानाच्या वेळचा अहवाल तुलनेसाठी हाताशी होता काय? हे चार प्रश्न साध्या मराठीत विचारता येतात आणि चांगल्या प्रयोगशाळेपाशी त्यांची उत्तरे असतात. किंबहुना चांगला अहवाल ती न विचारताच देतो.

सामान्य वाचकाने शास्त्राची पुस्तके का वाचावीत, असे मला पुष्कळदा विचारले जाते. माझे उत्तर असे की आकडा ऐकताच त्याच्यापुढे मान तुकवू नये आणि त्याला झिडकारूही नये, तर तो कसा आला हे विचारावे, एवढी सवय लागली तरी वाचनाचे सार्थक झाले. ज्याने कुंपण घातले त्याने ते दाखवावे, आणि ज्याच्यासाठी घातले त्याने ते पाहावे. हे दोघे एका भाषेत बोलू शकतील इतपत मराठी आपण घडवली, तर अनुवादकांच्या श्रमांचे चीज झाले असे मी मानेन.